आधी नाव, मग फोटो

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला होता, हातात माळ होती, भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं होतं, आणि एकदम पलीकडून खणखणीत आवाज आला, "नुसतं सोनबा नाही चालत. पूर्ण नाव सांगा. बापाचं सांगा, आडनाव सांगा, गाव सांगा."

भटजी थांबले. सनईही थांबली, कारण नाव ज्याला विचारलं होतं तोच सनई वाजवत होता. बिचाऱ्याने तोंडातली सनई काढून भर मांडवात सांगितलं, "सोनबा गणू बोरकर, राहणार कामठा." मग विचारणाऱ्याने काळ्या कापडात डोकं घातलं, सोनबाचा फोटो घेतला, आणि माझं लग्न पुढे चालू झालं.

माझ्या चुलतदिरांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. दामोदर त्यांचं नाव. घरात दामूभाऊजी, गोंदियाच्या बाजारात फोटोवाले दामूभाऊ. माझ्या लग्नाचे त्यांनी चार फोटो काढले. एकात सोनबा, एकात भात उपसणारा आचारी, एकात पाणी भरणारी बाई आणि एकात माझ्या मामांची बैलजोडी. नवरा-नवरी एकातही नाही. प्रत्येक फोटोच्या मागे बारीक अक्षरात नाव आणि गाव. बैलांचीसुद्धा नावं आहेत.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी बसले होते, तर भाऊजी दारात येऊन उभे. "वयनी, तुमचं नाव?"

मी हळूच सासरचं नवं नाव सांगितलं.

"ते तर काल ठेवलं. आधीचं?"

सासूबाईंनी हातातला झारा तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. नव्या सुनेचं जुनं नाव त्या घरात कोणी विचारत नसे. मी आणखी हळू सांगितलं, "वेणू." भाऊजींनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि निघून गेले. पुढे त्यांनीही मला वयनीच म्हटलं, पण वहीत मी वेणू होते हे मला माहीत होतं, आणि का कोण जाणे, बरं वाटायचं.

भाऊजी मूळचे कामठ्याचे. मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या तापाच्या साथीत त्यांचे आईवडील आणि बायको एका आठवड्यात गेले. मग ते काकांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घरी गोंदियाला आले. एक रेल्वेचा गार्डसाहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला, त्याच्याकडून भाऊजींनी लाकडी पेटीचा कॅमेरा घेतला आणि तो चालवायलाही त्याच्याकडूनच शिकले. साहेब जाताना रडला म्हणतात. कॅमेऱ्यासाठी नाही, भाऊजींनी त्याच्याकडून आजोबा-पणजोबांसकट सगळं नाव वदवून घेतलं होतं म्हणून.

फोटो धुवायची त्यांची जागा म्हणजे आमची धानाची कोठी. भर दुपारी कोठीचं दार लावून घ्यायचे, फटीत गोणपाट कोंबायचे आणि आत लाल काचेचा कंदील लावून बसायचे. मग घरातली एकेक वस्तू नाहीशी होऊ लागायची. माझी दुधाची पातेली गेली, पराती गेल्या, सासूबाईंची लोणच्याची बरणी गेली. त्या बरणीत त्यांनी फोटो पक्का करायचं औषध भरलं आणि सासूबाईंनी ते मिठाचं पाणी समजून त्यात कैऱ्या टाकल्या. कैऱ्या फेकाव्या लागल्या. भाऊजींना दुःख झालं ते औषधाचं.

काढलेले फोटो ते मुंबईच्या एका सचित्र मासिकाला पाठवत. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला वाकलेल्या बाया, विड्या वळणारे हात, राईस मिलच्या दाराशी कोंड्यात माखलेले हमाल, आठवडी बाजारात तराजू धरलेली म्हातारी. मुंबईच्या वाचकांना हे नवं होतं, त्यामुळे मासिकवाले खूश असत. छापून येई ते मात्र "धानाचे शेत" नाहीतर "बाजाराचा देखावा" एवढंच. भाऊजी दर वेळी सगळ्यांची नावं लिहून धाडत आणि दर वेळी ती नावं मुंबईत कुठेतरी गळून पडत.

नाव मिळवणं सोपं नव्हतंच. आपल्याकडे बाईमाणसाचं नाव बाहेरच्या पुरुषाने विचारायची रीत नाही, आणि बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. एकदा गोरेगावकडे रोवणा चालू होता. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या चौदा बायांची नावं भाऊजींना हवी होती. एकीने आपलं नाव सांगायचं सोडून नवऱ्याचं कोडं घातलं, मंगळवारच्या मागून येतो तो. भाऊजींनी बुधराम ओळखलं, पण लिहिलं नाही. म्हणाले, बुधराम काही चिखलात उभा नाही, तू उभी आहेस, तुझं सांग. बाया इतक्या हसल्या की धानाच्या जुड्या हातातून सुटल्या. शेताचा मालक काठी घेऊन आला. भाऊजींनी त्यालाही नाव विचारलं. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा नावं वहीत होती.

स्टेशनवरचे हमाल म्हणत, "भैया, नाम से क्या होगा?" भाऊजी म्हणत, "नाम से ही होगा." आणि फोटो काढून घ्यायला उतावीळ झालेल्या कुणी पुढे येऊन पोज दिली, की त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी नाव, मग फोटो."

एका चैत्रात ते सालेकशाला गेले. तिथून कोसभर जंगलात एक टोला आहे, दहाबारा घरांचा. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. सुकरोबाई उईके नावाची एक गोंड बाई मोहाखाली फुलं वेचत होती. भाऊजींनी आपलं नेहमीचं सुरू केलं. तिने वर न पाहताच सांगितलं, माझी टोपली भरून दे, मग बोलू. भाऊजी धोतर खोचून फुलं वेचायला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली. तिसऱ्या दिवशी तिने नाव सांगितलं. पण एक शंका काढली, नाव छापून आलं तर तहसीलदार धरून नेणार नाही ना? भाऊजी म्हणाले, उलट मुंबईपर्यंत लोक म्हणतील, ही बघा सुकरोबाई उईके, सालेकशाची. तिला ते पटलं असावं. तिने टोपली कमरेला लावली, मान वर करून झाडाकडे पाहिलं, आणि भाऊजींनी फोटो घेतला.

तो फोटो कोठीतून बाहेर आला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. पानांतून पडलेलं ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं आणि ती झाडाकडे असं पाहत होती, जसं आपण आपल्या माणसाकडे पाहतो. मला फोटोतलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी सासूबाईंची बरणी स्वतः भाऊजींना दिली.

दोन महिन्यांनी अंक आला. पहिल्याच पानावर, पूर्ण पानभर, तो फोटो. आमच्या घरात नुसता गोंधळ उडाला. आमच्या यांनी पेढे आणवले, शेजारचे मारवाडी शेटजी अंक बघायला आले, सासूबाई तर त्या पानाला हळदकुंकू लावायला निघाल्या होत्या. भाऊजी ओट्यावर बसले होते, हातात पेढा. यांनी मोठ्याने खालची ओळ वाचली, "मध्यप्रांतातील एक वन्य स्त्री."

भाऊजी म्हणाले, पुन्हा वाच. यांनी पुन्हा वाचलं. भाऊजींनी पेढा ताटलीत परत ठेवला आणि आत गेले. मी कोठीपाशी गेले तर दार उघडंच होतं, आत नुसते बसले होते. म्हणाले, "वयनी, मी तिले सांगून आलो होतो."

त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर फार गोड आलं. फोटो अप्रतिम आहे, जागेअभावी नाव देता येत नाही, वाचकांना अशा नावाचं काही प्रयोजनही नसतं, आणि आपण मुंबईस येऊन आमच्याकडे कायमचे छायाचित्रकार म्हणून राहावं अशी आमची इच्छा आहे. यांना आनंद झाला. मुंबईची नोकरी, मासिकाचं नाव, आणखी काय हवं होतं? यांनी भाऊजींना परोपरीने समजावलं. भाऊजींनी उत्तरादाखल कार्ड टाकलं, त्यावर दोनच शब्द होते, "आधी नाव."

त्यानंतर फोटो पाठवणं बंद. सालेकशाची गाडी बंद. बाजारात सालेकशाकडच्या बाया मोहफुलं घेऊन आल्या की भाऊजी दुसऱ्या गल्लीने घरी येत. इतका बेडर माणूस, तहसीलदाराला नाव विचारणारा, तो एका टोपलीवाल्या बाईला तोंड दाखवायला घाबरत होता. पोटापुरते लग्नाचे फोटो काढत आणि तेही, लोकांच्या आश्चर्याला पार राहिला नाही, नवरा-नवरीचे.

त्या हिवाळ्यात देशातले एक फार मोठे पुढारी मेलने जाणार आणि गोंदियाला गाडी थांबणार, अशी बातमी आली. लोक आदल्या दिवसापासून स्टेशनवर. बैलगाड्या बाजारापर्यंत उभ्या. नागपूरचे दोन फोटोवाले मोठे कॅमेरे घेऊन आले आणि अगदी पुढे जाऊन उभे राहिले. गाडी आली तशी गर्दीचा असा लोट उसळला की एकाचा कॅमेरा मोडला आणि दुसरा स्वतःच दिसेनासा झाला. भाऊजी सकाळपासून मालधक्क्याच्या छपरावर चढून बसले होते. डब्याच्या दारात उभे पुढारी, वर केलेला हात, आणि समोर डोंगरासारखी माणसं, असे सहा फोटो त्यांच्या कॅमेऱ्यातल्या काचांवर उतरले. ते दुसऱ्या कोणाजवळच नव्हते.

मासिकाची तार आली, फोटो ताबडतोब पाठवा. भाऊजी तेव्हा घरी नव्हते. ते फोटो घेऊन गावभर हिंडत होते, पहिल्या रांगेतला हा कोण, खांद्यावर पोर बसवलेला तो कोण, असं विचारत. यांनी तार हातात दिल्यावर तारऑफिसात गेले. तारमास्तरांना कळेना की 'आधी नाव'चं इंग्रजी काय करायचं. शेवटी मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत बसवून तार गेली.

यांचा संयम सुटला. देशाचं काम आहे, म्हणाले, अख्खा देश हे फोटो पाहील, आणि तू एका बाईच्या नावासाठी अडून बसतोस? भाऊजी म्हणाले, "दादा, देश कोनाचा आहे मंग?" यांनी टोपी उचलली आणि बाहेर निघून गेले. तसे हे बोलण्यात हार जाणारे नव्हेत.

चौथ्या दिवशी मेलने मुंबईहून एक गृहस्थ उतरले. मासिकाचे सहसंपादक, कडक इस्त्रीचा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. भाऊजींनी त्यांना ओट्यावरच पूर्ण नाव विचारलं आणि वहीत लिहिलं, मगच आत घेतलं. गृहस्थ फार सभ्यपणे बोलत होते. म्हणाले, आपण कलावंत आहात, आपलं नाव हवं तर मोठ्या अक्षरात छापू, पण ती बाई कोण, कुठली, हे छापून वाचकाला काय मिळणार? भाऊजींना चांगलं बोलता येत नसे. ते नुसते नकाराची मान हलवत राहिले.

मी चहा आत पाठवून दाराआडच उभी होते. परक्या पुरुषासमोर मी कधी बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले.

"तुमच्या आईंचा फोटो कोणी छापला आणि खाली लिहिलं, मुंबई इलाख्यातील एक स्त्री, तर चालेल तुम्हाला?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता काय होतं मला कळेना. गृहस्थांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "नाव काय म्हणालात त्या बाईंचं?" भाऊजींनी वही उघडून पुढे केली. त्यांनी कोटातून पेन काढलं आणि उतरवून घेतलं. सहा काचा कापसात गुंडाळून त्यांच्यासोबत मुंबईला गेल्या. ते गेल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "चहात साखर जरा जास्त होती." पण त्या दिवसापासून बाहेरचा कोणी कामाचा माणूस आला की मला दाराशी बोलावू लागले.

पुढच्या अंकात पुढाऱ्यांचा फोटो आला आणि त्याखाली पहिल्या रांगेतल्या अकरा माणसांची नावं. आमच्या गोंदियात त्या अंकासाठी मारामारी झाली. आणि अगदी शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, दोन ओळी होत्या. उन्हाळ्यात पहिल्या पानावर छापलेलं छायाचित्र श्रीमती सुकरोबाई उईके, सालेकसा, यांचं आहे; नाव राहून गेलं, क्षमस्व. भाऊजींनी त्या दोन ओळी ओट्यावर उभं राहून वाचल्या, शेटजींना वाचून दाखवल्या, टांगेवाल्याला थांबवून वाचून दाखवल्या. मला इतका अभिमान वाटला की मी त्या तेलाची बाटलीसुद्धा मागवली. तेल वाईट होतं.

मुंबईची नोकरी मात्र त्यांनी घेतली नाही. म्हणाले, मुंबईत माणसं फार, नावं विचारता विचारता जन्म जाईल.

मोहाच्या दिवसांत ते सुकरोबाईंकडे निघाले तेव्हा मीही हट्ट धरून सोबत गेले. सालेकशाला उतरून टोल्यापर्यंत चालत गेलो. जाताना भाऊजींनी दोन्ही अंक छातीशी धरले होते. सुकरोबाई अंगणात फुलं वाळत घालत होती. आम्हाला तिने बाज दिली, द्रोणात चारोळी दिली. भाऊजींनी झालेलं सगळं सांगितलं, आधी नाव आलं नव्हतं तेही लपवलं नाही. तिने फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. म्हणाली, नाक मोठा आला. मग भाऊजींनी दुसरा अंक उघडून तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"हा माजा नाव? एवढासा?"

"एवढासाच," भाऊजी म्हणाले.

ती हसली. बोट मात्र काढलं नाही. मग तिने विचारलं, "तू सब्बायले नाव कायले विचारून राहतेस?"

भाऊजी म्हणाले, सवय आहे. ती म्हणाली, सवय नोहे. आणि फुलं पसरत वाट पाहत राहिली.

तेव्हा भाऊजी बोलले. त्यांच्या लग्नात बायकोचं नाव बदलून रमा ठेवलं होतं. आधीचं काय होतं ते त्यांनी विचारलं नव्हतं. विचारू विचारू म्हणता नऊ महिने गेले आणि मानमोडी आली. ती गेल्यावर तिच्या माहेरी सांगायला गेले, तर घराचं दार उघडं आणि आत कोणी उरलेलं नाही. शेजारीही नाही. तिचा फोटो नाही, आणि खरं नाव सांगणारं माणूस नाही.

मी त्या घरात किती वर्षं काढली होती. त्यांची बायको गेली हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण घरात ती 'दामूची बायको' होती, आणि तिच्याबद्दल मी एक शब्द कधी विचारला नव्हता. मी खाली मान घालून द्रोणातल्या चारोळ्या पाहत बसले.

सुकरोबाईने विचारलं, "मंग तू तिले काय म्हणून हाक मारत होतास?"

"हाक कुठं मारत होतो? अवं, ऐकलं का, एवढंच म्हणत होतो."

"मंग ते ओ देत होती का नाई?"

भाऊजींनी खाली पडलेलं एक फूल उचलून वाळवणात ठेवलं. "देत होती."

"मंग झाला," सुकरोबाई म्हणाली आणि फुलांकडे वळली.

त्या दिवशी भाऊजींनी पेटी उघडलीच नाही. परतताना सालेकशाच्या फलाटावर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. गाडीला वेळ होता. भाऊजी समोरच्या जंगलाकडे पाहत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, ओ देताना तिचा आवाज जरा बारीक होत होता. आज आठवला."

गाडी आली. मी त्यांची पेटी उचलली. एरवी ते कोणाला हात लावू देत नसत, त्या दिवशी त्यांनी दिली.